मुळातला चीक



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम नाही म्हणालो होतो. मालेतल्या जुन्या पुस्तिका माझ्या घरी आहेत. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, बडोद्याचा वाङ्मयीन इतिहास या विषयांच्या पंक्तीत रबराने कुठे बसायचे, असे मला वाटले. माझी सगळी नोकरी टायरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. साहित्याशी संबंध वाचकाचा, तोही रात्री झोपण्यापूर्वीचा. मी तसे कार्यवाहांना सांगितले. ते म्हणाले, "काका, सयाजीरावांच्या गावात शास्त्रावर मराठीत बोलायला संकोच कसला?" यावर मला उत्तर सुचले नाही.

त्यांचे म्हणणे खरेच आहे. १८९० साली याच गावात कलाभवन निघाले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तिथे रंगाईचे रसायनशास्त्र शिकवायला घेतले. शास्त्र लोकांच्या भाषेत सांगता आले पाहिजे, हा त्या काळचा आग्रह होता. तेव्हा आज मी एका वीतभर झाडाच्या मुळातून रबर कसे काढतात आणि त्या कामी बुरशी कशी उपयोगी पडते, एवढेच सांगणार आहे. शब्द शक्यतो आपल्या घरातले वापरीन.

पहिला शब्द चीक. फणस फोडण्याआधी आपण हाताला आणि विळीला तेल लावतो, कारण फणसाचा चीक एकदा चिकटला की पाण्याने जात नाही. रुईचे पान तोडले की देठातून पांढरा चीक येतो. पाथरीच्या पानातही तो थोडा असतो. पण आपल्या भाषेत चीक आणखी एका वस्तूला म्हणतात. कुरडया करायच्या म्हणजे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, गाळून, निवळत ठेवून जे पांढरे सत्त्व खाली बसते, तोही चीक. पहिला चीक झाड आपण होऊन देते. दुसरा मेहनतीने काढावा लागतो. आज ज्या रबराविषयी बोलायचे आहे, ते झाडात पहिल्या प्रकारचे असते आणि हाती मात्र दुसऱ्या प्रकारे येते.

रबर म्हणजे गोठलेला, वाळलेला चीक. ज्यांच्या चिकात थोडेफार रबर असते अशा वनस्पती जगात दोन हजारांहून अधिक आहेत. तरी जगाचे काम चालते ते एकाच झाडावर. ते झाड मूळचे ॲमेझॉनच्या जंगलातले. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने त्याच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत पोचवल्या. त्यांतल्या जेमतेम काही हजार उगवल्या. ती रोपे श्रीलंकेला आणि मलायाकडे गेली, आणि आशियातल्या रबराच्या मळ्यांचा पसारा मुख्यतः त्या थोड्या रोपांपासून वाढला. म्हणजे केरळपासून इंडोनेशियापर्यंतची ही लाखो एकर झाडे एका छोट्या कुटुंबाची संतती आहेत. एकाला जो रोग सोसणार नाही, तो बहुधा कुणालाच सोसणार नाही.

असा रोग आहे, आणि तो बुरशीचाच आहे. दक्षिण अमेरिकेत रबराच्या कोवळ्या पानांवर एक करपा पडतो. जंगलात झाडे दूरदूर असतात म्हणून तो आटोक्यात राहतो. झाडे रांगेने लावली की एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला वेळ लागत नाही. मोटारवाल्या हेन्री फोर्डने १९२८ पासून ब्राझीलमध्ये फोर्डलँडिया नावाचे अख्खे गाव वसवले, मळे लावले. या करप्याने ते धुऊन काढले. जवळच बेलटेरा येथे दुसरा प्रयत्न झाला, तोही फसला. १९४५ साली फोर्ड कंपनीने सगळे सोडून दिले. हा करपा अजून आशियात पोचलेला नाही. आपण रबर वापरतो ते या 'अजून'च्या भरवशावर.

कुणी म्हणेल, कृत्रिम रबर आहे ना. आहे, आणि भरपूर वापरले जाते. पण विमानाचे टायर जवळजवळ सर्वस्वी नैसर्गिक रबराचे करावे लागतात. उतरताना बसणारा धक्का, ती उष्णता आणि तो ताण कृत्रिम रबराला तितकासा पेलत नाही. ट्रकच्या टायरमध्येही नैसर्गिक रबराचा वाटा मोठा असतो. आपल्या देशात २०२३-२४ साली सुमारे साडेआठ लाख टन रबर पिकले आणि सुमारे चौदा लाख टन लागले. उरलेले बाहेरून आले. हालोल-वाघोडियाकडे टायरचे कारखाने आहेत, आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यांवर पेटली आहे. त्या कारखान्यांच्या दाराशी येणारी प्रत्येक गासडी शेवटी त्या एका झाडाची आहे. हे झाड आपल्या बाजूलाही आणून पाहिले गेले. पालघर जिल्ह्यात दापचरीला रबर मंडळाचे संशोधन केंद्र आहे, कारण उत्तर कोकणातला कोरडा उन्हाळा या झाडाला कितपत सोसतो हे पाहायचे होते. दक्षिणेला दोडामार्ग आणि गोव्याकडे रबराचे मळे आता दिसतातही. पण झाड तेच, आणि धोकाही तोच.

आता दुसऱ्या झाडाकडे येतो. युरोपात हिरवळीवर पिवळ्या फुलांचे एक रोप उगवते. फूल सुकले की त्याचा पांढरा, कापसासारखा गोळा होतो आणि मुले फुंकर मारून बिया उडवतात. इंग्रजीत त्याला डँडेलियन म्हणतात. त्याचा एक भाऊबंद कझाकस्तानात, तिआन शान पर्वताच्या उंच दऱ्यांत वाढतो. तिथले लोक त्याचे मूळ चघळत. त्यांनी त्याला नाव दिले कोक-सागिझ. सागिझ म्हणजे चघळायचा डिंक. सोव्हिएत सरकार तेव्हा देशातच मिळेल अशा रबराच्या शोधात होते. १९३१-३२ च्या सुमारास रोदिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे रोप शास्त्राच्या नजरेस आणले.

या मुळाची गंमत हातात घेतल्यावर कळते. वाळलेले मूळ मधोमध मोडा आणि दोन तुकडे हळूच एकमेकांपासून दूर करा. ते लगेच सुटत नाहीत. मध्ये केसासारखे बारीक धागे ताणले जातात, आणि सोडले की तुकडे पुन्हा जवळ येतात. ते धागे म्हणजे रबर. रासायनिक दृष्ट्या ते ॲमेझॉनच्या झाडाच्या रबराचेच भावंड आहे, जवळपास तितक्याच लांब साखळ्यांचे. मोठे झाड चिकाला येण्यासाठी सहा-सात वर्षे वाट पाहावी लागते. हे रोप एका हंगामात तयार होते आणि थंड प्रदेशात वाढते.

सोव्हिएत देशात त्याची लागवड वाढत गेली आणि १९४१ पर्यंत ती साठ हजार हेक्टरांच्या पुढे गेली. पुढच्याच वर्षी जपानने मलाया आणि इंडोनेशियाची बेटे घेतली, आणि दोस्त राष्ट्रांचे बहुतेक सगळे रबर एका फटक्यात बंद झाले. अमेरिकेने रशियाकडून बी मागवून अनेक राज्यांत ते पेरून पाहिले. जर्मनांनी जिंकलेल्या मुलखातून बी, रोपे आणि जाणकार माणसेही उचलली.

इथे थोडे थांबणे मला भाग आहे. आउशविट्झच्या छळछावणीजवळ रायस्को नावाचे खेडे होते. तिथे या रोपाच्या संशोधनासाठी छावणीची एक शाखा उघडली गेली आणि कैदी स्त्रियांना कामाला लावले गेले. कुणी वनस्पतिशास्त्र शिकलेली, कुणी रसायनशास्त्र. शार्लोत देल्बो ही फ्रेंच लेखिका त्यांच्यात होती. पकडली जाण्यापूर्वी ती लुई जुव्हे या मोठ्या नाट्यदिग्दर्शकाची साहाय्यक होती. पुढे तिने लिहून ठेवले आहे, की रायस्कोत या बायकांनी मोलियरचे एक नाटक आठवणीतून जुळवले आणि बसवून सादर केले. पुस्तक जवळ नव्हते, संवाद एकीला आठवत नसले तर दुसरीला आठवत. हरिभाऊ आपट्यांच्या 'मारून मुटकून वैद्यबुवा'मुळे मोलियर आपल्या ओळखीचा. दिवसा ज्या मुळांची मापे घ्यायची, त्यांचे रबर शत्रूच्या गाड्यांना जाणार हे ठाऊक असायचे, आणि संध्याकाळी मोलियरची तालीम व्हायची. रबराच्या इतिहासात झाडाला चीक यावा म्हणून माणसाचे रक्त फार सांडले आहे, काँगोतही आणि ॲमेझॉनमध्येही. हे छोटे रोपही त्यातून सुटले नाही. म्हणून एखादी वस्तू मिळवण्याची पद्धत कोणती, हा प्रश्न मला केवळ कारखान्याचा वाटत नाही.

युद्ध संपले, मलायाचे रबर परत आले आणि हे रोप मागे पडले. आशियातले रबर स्वस्त, हे एक कारण. बी बारीक, उगवण नाजूक, तण लगेच वरचढ होणारे, हे दुसरे. तिसरे कारण आजच्या विषयाचे. मुळात रबर आहे हे सर्वांना दिसत होते, पण ते न बिघडवता बाहेर कसे काढायचे, हे नीट जमत नव्हते.

मोठ्या झाडाचे काम सोपे आहे. सालीला तिरकी खाच पाडली की चीक वाहतो, करवंटीत जमा होतो. इथे खाच पाडायला जागाच नाही. शंभर किलो वाळलेली मुळे घेतली तर त्यांत साधारण पाच ते दहा किलो रबर असते, निवडक वाणांत अधिक. पंचवीस ते चाळीस किलो इन्युलिन नावाची पिठूळ साखर असते. बाकी साल, काष्ठ, माती आणि इतर द्रव्ये. इन्युलिन आपल्याला अगदी परके नाही. आपल्या गुजरातेतच जामनगर आणि आणंदकडे चिकोरी पिकते, तिचे मूळ भाजून कॉफीत घालतात. चिकोरी याच कुळातली आणि तिच्याही मुळात इन्युलिन असते. ते गरम पाण्यात विरघळते, त्यामुळे पहिली पायरी सोपी. मुळांचे तुकडे गरम पाण्यात ठेवायचे, गोड पाणी वेगळे काढायचे. त्यापासून मद्यार्कही करता येतो.

पुढे अडते. रबराचे धागे बारीक नळ्यांत असतात आणि त्या नळ्यांभोवती पेशींच्या भिंती. या भिंती कापसासारख्या सेल्युलोजच्या, मध्ये दुसऱ्या साखरांच्या साखळ्या आणि त्यांना सांधणारे पेक्टिन. पेक्टिन म्हणजे पेरूची जेली ज्यामुळे घट्ट होते ते. विटा, सिमेंट आणि गिलावा असा हा प्रकार. तो फोडायला दोन रस्ते होते. एक, कुटण्याचा. फिलाडेल्फियाजवळच्या सरकारी प्रयोगशाळेत एस्क्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात गारगोट्या भरलेल्या फिरत्या पिंपात भिजलेली मुळे घोळवून काढली. साल सुटे, रबराच्या गुठळ्या पाण्यावर तरंगत. पण सालीचा चुरा रबरात अडकून राही, आणि जास्त कुटले तर रबरच बारीक होऊन पाण्याबरोबर जाई. दुसरा रस्ता पेट्रोलसारख्या द्रावकांचा. त्यात रबर विरघळते खरे, पण द्रावक महाग, आग पकडणारे, आणि शेवटचा थेंबही परत मिळवावा लागतो.

तिसरा रस्ता मातीनेच दाखवला होता. हे रोप दोन-तीन वर्षे जमिनीत राहिले तर मुळाची जुनी साल दरवर्षी मरते आणि कुजते. साल जाते, पण तिच्यातले रबर कुजत नाही. मुळाभोवती रबराचे एक म्यान शिल्लक राहते. सूक्ष्म जीवांनी भिंती खाल्ल्या आणि रबर सोडून दिले, असा त्याचा अर्थ.

आपल्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. अंबाडीचे ताट कापून डोहात बुडवून ठेवतात. काही दिवसांनी पाण्याला वास सुटतो, साल सैल होते, आणि मग धुऊन वाख काढतात. साल आणि काष्ठ यांना चिकटवून ठेवणारे पेक्टिन सूक्ष्म जीवांनी खाल्लेले असते. वाख सेल्युलोजचा, त्याला बेताबेताने धक्का लागतो. एक दिवस जास्त ठेवला तर तोही कुजतो, म्हणून जाणता माणूस रोज एक ताट उचलून बोटांनी चाचपून पाहतो. कुजवणे ही कला आहे आणि तिचे मर्म थांबण्यात आहे.

बुरशीला तोंड नाही, दात नाहीत, पोट नाही. ती जेवते कशी? ती अन्नावर पसरते आणि आपले पाचक रस बाहेर सोडते. अन्न बाहेरच पचते आणि विरघळलेला अंश ती शोषून घेते. या पाचक रसांतल्या काम करणाऱ्या द्रव्यांना शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात, व्यवहारात एन्झाइम. प्रत्येक विकराचे काम ठरलेले. सेल्युलोज तोडणारे पेक्टिनला हात लावत नाही, पेक्टिन तोडणारे सेल्युलोजला लावत नाही. आणि या दोघांनाही रबर कळतच नाही. रबराच्या साखळीत साखरेचा सांधा नसतो, त्यामुळे त्यांच्या किल्लीला तिथे कुलूपच सापडत नाही. कुटण्याने भिंत आणि रबर दोन्ही मोडतात. विकराने भिंत मोडते आणि रबर जसेच्या तसे राहते. शिवाय अंबाडीसारखा अंदाज करावा लागत नाही, कारण इथे जिवंत बुरशी लागतच नाही. तिचे गाळलेले विकर पुरतात.

असे विकर मिळाले कुठून, ही एक वेगळीच हकीकत आहे. ज्या युद्धाने अमेरिकेचे रबर तोडले, त्याच युद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू, पट्टे आणि गणवेश भराभर कुजू लागले. १९४४ साली बूगनव्हिल बेटावरच्या एका कुजक्या कापडावरून एक हिरवी बुरशी अलग केली गेली. एल्विन रीस आणि पुढे मेरी मँडेल्स यांनी तिचा अभ्यास केला. आरंभी हेतू एवढाच होता, की हिला रोखायचे कसे. मग लक्षात आले, की सेल्युलोज तोडण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. आता प्रश्न उलटा झाला: हिला कामाला कसे लावायचे? या बुरशीला पुढे रीस यांचेच नाव मिळाले, ट्रायकोडर्मा रीसाय. आज कारखान्यांत या जातीचे जे वाण वापरतात, ते सगळे त्या एका तंबूवरच्या बुरशीचे वंशज आहेत. आपल्या मुलांच्या जीन्सना जो विटका, मऊपणा असतो, तोही अनेकदा अशा विकरांनी आणलेला असतो. त्या काळी एकीकडे रबर नाही म्हणून हाय खात होते आणि दुसरीकडे बुरशी आहे म्हणून. दोन्ही दुखणी एकमेकांचे औषध होऊ शकतील, हे कुणाला सुचणे तेव्हा शक्य नव्हते.

दुसरी बुरशी खताच्या ढिगातली. शेणखताचा किंवा पाल्याचा ढीग आतून तापतो, इतका की हात घातला तर चटका बसावा. त्या उष्णतेत बहुतेक जीव मरतात. थर्मोमायसिस लॅनुजिनोसस नावाची बुरशी मात्र तिथे सुखाने नांदते. तिचे विकरही साहजिकच उष्णता सोसणारे. या बुरशीचे एक विकर आपण न कळत वापरले आहे. तेलाचे डाग काढण्यासाठी धुण्याच्या पावडरीत जे घालतात, त्यांपैकी एक १९८८ पासून बाजारात आले, ते मूळ हिचे. २०१७ साली इस्लामाबाद आणि ओहायो येथील संशोधकांनी मिळून या बुरशीच्या एका वाणाचे विकर कोक-सागिझच्या मुळांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. विकरांशिवाय केलेल्या पद्धतीपेक्षा रबर जास्त मिळाले आणि ते उत्तम प्रतीचे होते. उष्णता सोसणाऱ्या विकरांचा फायदा असा, की गरम पाण्यातून काढलेली मुळे पूर्ण थंड करत बसावी लागत नाहीत आणि काम लवकर होते.

सगळी कृती मी कुरडयांच्या भाषेत सांगतो. मुळे वाळवायची आणि तुकडे करायचे. गरम पाण्यात ठेवून इन्युलिन काढून घ्यायचे. मग सौम्य क्षारात भिजवायची, म्हणजे भिंतींचा गिलावा सैल होतो आणि विकरांना आत शिरायला वाट मिळते. क्षार धुऊन पाणी किंचित आंबट करायचे, कारण बहुतेक बुरशींच्या विकरांना आंबट मानवते. त्यात विकर घालून कोमट-गरम ठेवून हलवत राहायचे. भिंती विरघळून साखर होते. शेवटी चाळणीवर धुवायचे. रबर पाण्यापेक्षा हलके, ते वर येते. सालीचा उरलासुरला चोथा आणि माती खाली बसते. कुरडयांचा चीक खाली बसतो आणि पाणी वरून ओततात. इथे चीक वर येतो, एवढाच फरक.

आता एक गोष्ट माझ्या स्वतःकडची. कारखान्यात केरळकडून धुरी दिलेल्या रबराचे तक्ते येत. पावसाळ्यात त्यांवर बुरशी चढे. तक्त्यांची प्रत ठरवताना बुरशी किती, हा एक निकषच असतो. मी तीस वर्षे तक्ते उलटेपालटे करून बुरशी पाहिली, माल परत पाठवला, गोदामात हवा खेळती राहावी म्हणून भांडलो. बुरशी म्हणजे माझी शत्रू.

वीसेक वर्षांपूर्वी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्राची एक मुलगी आमच्याकडे प्रकल्पासाठी आली. तिने कोक-सागिझविषयी कुठेतरी वाचले होते. त्याचे बी मिळणार नाही हे तिला ठाऊक होते. म्हणून तिला चिकोरीची मुळे आणून बुरशीच्या विकरांनी त्यांच्या भिंती किती आणि किती वेळात सुटतात, एवढे मोजायचे होते. ती म्हणाली, "सर, मला फक्त तुमचे गरम पाण्याचे हलते टब हवेत, बाकी माझे मी आणीन." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "अगं, इथे आम्ही बुरशीशी भांडतो आणि तू ती पाळायला निघालीस?" सगळे हसले. तीही हसली. मग तिला रबरात काजळी कशी मिसळते यावरचा नेहमीचा प्रकल्प दिला. तिने तो नीट पुरा केला आणि ती गेली.

निवृत्तीनंतर ते २०१७ चे संशोधन वाचनात आले, तेव्हा मला पहिल्यांदा ती आठवली. तिचा प्रयोग झाला असता तर जग बदलले असते, असे मी म्हणत नाही. चिकोरीच्या मुळांतून रबर निघाले नसते. पण प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर शोधायला लागणारी सामग्री माझ्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात रिकामी पडलेली होती. शत्रूकडूनही काही घेता येते, हे तिला दिसले होते. मला तीस वर्षांच्या अनुभवामुळेच ते दिसले नाही.

यातले अवघडही सांगितले पाहिजे. विकर स्वस्त नाहीत. म्हणून बुरशी त्याच मुळांच्या टाकाऊ चोथ्यावर वाढवून विकर जागच्या जागी तयार करता आले, तर हिशेब जुळण्याची आशा. क्षार पूर्ण टाळता आलेला नाही आणि पाणी बरेच लागते. शेतातले तण आणि बारीक बी यांवर बुरशीकडे उत्तर नाही. तरी काम पुढे सरकते आहे. जर्मनीत काँटिनेंटल कंपनीने २०१८ साली आंक्लाम येथे या रोपासाठी प्रयोगशाळा उघडली, आणि पुढच्या वर्षी या रबराचे सायकलचे टायर बाजारात आणले. विमानाचे टायर अजून दूर आहेत.

आणि एक प्रश्न आपल्या बाजूचा. हे रोप थंड मुलखाचे. ते कोकणात किंवा केरळात पिकणार नाही. उद्या ते युरोप-अमेरिकेत स्वस्तात पिकू लागले, तर केरळ-त्रिपुरातल्या छोट्या मळेवाल्यांचे काय? गज्जरांच्या कलाभवनात रंगांचे रसायन शिकवले जात होते, त्याच दशकात, १८९७ साली, जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची निळीची शेती काही वर्षांत संपत गेली. तेव्हा प्रयोगशाळेतून येते ते सगळ्यांच्या भल्याचेच असते, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. करपा उद्या आशियात आला तर त्याच मळेवाल्याला सर्वांत आधी फटका बसेल. एका झाडावर सगळे जग टांगलेले असणे त्याच्याही हिताचे नाही. आणि विकरांचे शास्त्र एका रोपापुरते बांधलेले नसते. ज्याला ते येते, त्याच्या दाराशी अंबाडी असो, नारळाचा काथ्या असो की चिकोरी, तो ते तिथे लावू शकतो. हे शास्त्र आपल्याला यायला हवे, एवढे मी निश्चित म्हणेन.

आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांना या गावात दोनशे वर्षे होत आली. मूळ तिकडचे, वाढ इथली. तेव्हा मुळात काय आहे याचा अभिमान आपल्याला वेगळा शिकवावा लागत नाही. मुळातले बाहेर कसे काढायचे, याची मेहनत मात्र दर पिढीला नव्याने करावी लागते, आणि ती कुटून होत नाही. ज्या मुलीला मी हसण्यावारी नेले, ती आज कुठे आहे मला माहीत नाही. हे व्याख्यान छापले जाणार आहे. कधी तिच्या हाती पडले, तर तिने हे वाचावे, की ती बरोबर होती.